आठ माणसं, एक घर आणि आमची ओसरी : 'कोहेरन्स'चं एक प्रकरण

('कोहेरन्स' या इंग्रजी सिनेमाचा शेवट यात फोडलेला आहे. ज्यांना तो आधी बघायचा आहे, त्यांनी बघून यावं.)

२ एप्रिल २०२२ ला गुढीपाडवा होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या सिंदेवाही तालुक्याच्या आभाळातून आगीच्या रेघा ओढल्यासारख्या सरकत गेल्या. लाडबोरी गावात धातूची एक भलीमोठी कडी येऊन पडली, साधारण ३ मीटर व्यासाची आणि चाळीसेक किलो वजनाची. पवनपारकडे धातूचा गोळा सापडला. कडी पोलीस ठाण्यात गेली, इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या 'चांग झेंग ३बी' या चिनी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असं खगोल अभ्यासकांनी सांगितलं. आभाळातून काहीतरी पडणं विदर्भाला तसं नवीन नाही, लोणारचं सरोवर त्याचंच. पण लोणार पडलं तेव्हा फोटो काढायला कोणी नव्हतं. या वेळी तालुक्यातल्या निम्म्या मोबाइलांत त्या कडीचा फोटो होता.

त्या फोटोवरून आमच्या गावातल्या पोरांनी सिनेमा लिहायला घेतला. पोरं म्हणजे नाट्यमंडळातली पाच-सहा जणं. हा पूर्व विदर्भातला झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावजत्रा, सुरू झाली की होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक. याच रंगभूमीसाठी डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा 'आपल्याला जमेल का' ही शंका या पोरांना कधी पडत नाही. त्यांची गोष्ट अशी : कडी पडते, तिच्या आत पाऊल टाकलं की माणूस उद्याच्या गावात निघतो, आणि उद्याच्या गावात एक खून झालेला असतो. वीस-पंचवीस मिनिटांची फिल्म, खर्चाचा अंदाज साठ हजार. त्यातले पस्तीस हजार नागपूरच्या एका एडिटिंगवाल्याला द्यायचे होते, रॉकेट जळताना दाखवण्यासाठी.

मी कॉलेजात शिकवतो. पोरं संहिता माझ्याकडे घेऊन येतात ती व्याकरण तपासायला, पण मी व्याकरणावर थांबत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पस्तीस हजाराचा आकडा बघून मी म्हटलं, आधी एक सिनेमा बघू, मग पैसे द्या. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आमच्या ओसरीवर 'कोहेरन्स' लावला. बावीस माणसं जमली. मंडळातली पोरं सोडली तर बाकीचे शेजारीपाजारी, माझी आई आणि तिच्या दोन मैत्रिणी. त्या रात्री काय झालं आणि त्यातून पुढे काय निघालं, ते इथे मांडतो आहे.

सिनेमा कसला आहे

'कोहेरन्स' २०१३ चा. दिग्दर्शक जेम्स वॉर्ड बर्किट. त्याआधी तो हॉलिवूडच्या मोठ्या सिनेमांत कथाचित्रांचं, म्हणजे स्टोरीबोर्डचं, काम करत होता, 'रँगो' या अॅनिमेशनपटाच्या कथेतही त्याचा वाटा आहे. म्हणजे शंभर माणसांचं युनिट काय असतं हे बघून झालेला माणूस. याने ठरवलं, आता युनिट नको. स्वतःच्या घरात, पाच रात्रींत, सुमारे ५० हजार डॉलरमध्ये सिनेमा काढला. आपल्या रुपयांत ही रक्कम बरी मोठी दिसते, पण तिकडच्या हिशेबात ती चहापाण्याची. छापील संवाद नव्हते. कथेचा सांगाडा त्याने आणि अॅलेक्स मानुगियनने मिळून आधी पक्का केला होता, आणि मानुगियन स्वतः सिनेमात एक भूमिकाही करतो. बाकी कलाकारांना रोज आपापल्या पात्राची चिठ्ठी मिळायची : आज तू अमुक गोष्ट सांगशील, तमुक लपवशील. दुसऱ्याच्या चिठ्ठीत काय आहे ते माहीत नाही. दिवे कधी जाणार, दारावर थाप कधी पडणार, हेही माहीत नाही.

गोष्ट थोडक्यात. एका घरी आठ मित्रमैत्रिणी जेवायला जमतात. त्या रात्री आभाळातून धूमकेतू जाणार आहे. मोबाइलच्या काचा आपोआप तडकतात, लाईट जाते. सगळीकडे अंधार, थोडं पलीकडे एकच घर उजळलेलं. दोघं तिकडे जातात आणि परत येऊन सांगतात, की त्या घरात आपणच आहोत. तेच टेबल, तीच आठ माणसं. हळूहळू कळतं की घरं दोन नाहीत, पुष्कळ आहेत, आणि बाहेरच्या काळोखाच्या पट्ट्यातून जो गेला तो त्याच घरी परतेल याचा नेम नाही. टेबलावर बसलेले आठही जण मूळचे याच घरातले आहेत का, हेही मग सांगता येत नाही.

पहिली पंधरा मिनिटं

पहिली पंधरा मिनिटं ओसरीत वाईट गेली. आठ माणसं एकदम बोलतात. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतं, कारण ते खरोखरच सुचेल तसं बोलत आहेत. मी इंग्रजी सबटायटल लावून मधे मधे मराठीत सांगणार होतो. ते जमेना. कोण कोणाचा नवरा, कोण कोणाची आधीची, हे सांगेपर्यंत पडद्यावर विषय बदललेला. आईने मला सरळ विचारलं, "यातला आपला कोन?" तिचा प्रश्न रास्त होता. सिनेमा एम या बाईच्या मागे चालतो, पण तसं कळायला बराच वेळ लागतो. चार पुरुषांपैकी दोघांची तर शेवटपर्यंत गल्लत होत राहिली.

कॅमेरा हातात धरलेला, सतत हलणारा, माणूस बोलायला लागला की त्याला शोधत जाणारा, मधेच फोकस सुटणारा. लॅपटॉपवर हे चालून जातं. आमचा पडदा म्हणजे भिंतीला ताणलेली डबल बेडची चादर. तिच्यावर हाच कॅमेरा डोकं दुखवतो. नववीतला एक पोरगा उठून अंगणात जाऊन बसला.

आणखी एक गंमत. सिनेमात प्रसंग संपतो तेव्हा पडदा झटकन काळा होतो. दृश्य अर्ध्यात तुटतं, क्षणभर काहीच नाही, मग पुढचं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा अख्खी ओसरी प्लगकडे बघायला लागली. "वायर हालली का बे?" दुसऱ्यांदा झालं, पुन्हा प्लगकडे. पाचव्यांदा कोणी वळून बघितलं नाही. नंतर चर्चेत मंडळातल्या एकाने शंका काढली, की तो प्रत्येक काळा तुकडा म्हणजे आपण घर बदललं असेल तर? सिनेमात असं कुठे स्पष्ट सांगितलेलं नाही. पण ही शंका येऊ शकते, यातच त्या युक्तीचं काम झालं. स्वस्तात स्वस्त युक्ती म्हणजे पडदा काळा करणं. त्याला एक पैसा लागत नाही.

लाईट

आता आमच्याकडचा खरा घोटाळा. या सिनेमाचं भय लाईट जाण्यावर उभं आहे. अमेरिकेतल्या त्या वस्तीत लाईट गेली की माणसं दचकतात, मेणबत्त्या शोधतात, आवाज खाली जातो. आमच्या ओसरीत पडद्यावरची लाईट गेली तेव्हा कोणाच्या चेहऱ्यावरची माशीही हालली नाही. लाईट जाणं ही आमच्याकडे बातमी नाही. शेतीच्या पंपाची लाईट तर एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. त्या रात्रीसुद्धा मधल्या वेळेत दोघं जण मोटर चालू करायला उठून गेले आणि अर्ध्या तासाने येऊन विचारायला लागले, काय झालं.

गावातला लाइनमन भिंतीला टेकून बसला होता. बाकी सगळ्या वस्तीत अंधार आणि एकाच घरात उजेड, हे दृश्य आलं. दिग्दर्शकाच्या हिशेबाने इथे प्रेक्षकांच्या अंगावर काटा यायला हवा. लाइनमन म्हणाला, "एक फेज उडाला असंन. त्यायचं घर दुसऱ्या फेजवर हाय." अख्ख्या ओसरीला ते पटलं. खरंच आहे, डीपीवरचा एक फेज गेला की अर्ध्या गावात काळोख आणि अर्ध्यात टीव्ही चालू, हे आम्ही महिन्यातून दोनदा बघतो. ज्या दृश्यावर सिनेमाचं पहिलं रहस्य टांगलेलं आहे, ते इथे एका वाक्यात सुटलं.

माझ्या मते ही सिनेमाची कमजोरीच आहे, फक्त ती तिकडच्या समीक्षकाला दिसायची नाही. कमी पैशातल्या थ्रिलरला भीती विकत घेता येत नाही, ती प्रेक्षकाच्या सवयींतून उसनी आणावी लागते. सवय बदलली की उसनवारी बंद.

पण पुढे जे झालं त्याने मी चकित झालो. चौघं जण घराबाहेर पडतात, हातात फक्त चमकणाऱ्या निळ्या कांड्या. आईची मैत्रीण ताठ बसली. "आता ह्ये कायले बाहेर जाऊन रायले?" आमच्या भागात रात्री घराबाहेर पाऊल टाकायचं म्हणजे वाघाचा विचार आधी येतो. ब्रह्मपुरीपासून सिंदेवाहीपर्यंत कोणालाही विचारा. आणि त्या अंधारात समोरून दुसरा घोळका येतो, त्यांच्या हातात लाल कांड्या, आणि चेहरे यांचेच. ओसरीत पहिल्यांदा सन्नाटा झाला. लाईट गेल्याने जे झालं नव्हतं, ते घराबाहेरच्या काळोखाने केलं.

चणचण मुरलेली जागा

या लाल-निळ्या कांड्यांवर आम्ही नंतर तासभर बोललो, कारण पोरांना शिकायचं होतं ते सगळं तिथे होतं. बघा, दिग्दर्शकाकडे एकच घर आहे. दुसरं घर उभारायला पैसे नाहीत. म्हणून त्याने गोष्टच अशी बांधली की दुसरं घर हुबेहूब पहिल्यासारखंच असलं पाहिजे. दुसरे कलाकार नाहीत, म्हणून दुसरी माणसंही हीच. बाहेरचा रस्ता उजळायला लाईट नाहीत, म्हणून बाहेर काळोख आहे आणि तो काळोखच वाट चुकवतो. एका जगातून दुसऱ्या जगात गेलोय हे दाखवायला फक्त कांडीचा रंग पुरतो. धूमकेतू किती वेळ दिसतो? जवळजवळ नाहीच. माणसं अंगणात येऊन वर बघतात, तेवढंच.

चणचण गोष्टीत अशी मुरली, की हा सिनेमा दहापट पैशात केला असता तर बिघडला असता. धूमकेतूचं शेपूट दाखवण्यात अर्धा तास गेला असता.

त्याआधी त्यांना एक पेटी मिळते. आत त्यांचेच फोटो, मागे आकडे लिहिलेले, आणि टेबल टेनिसची बॅट. फोटोंपैकी एक तर त्याच रात्रीच्या कपड्यांतला. आकडे कोणाच्या अक्षरात आहेत हे ताडून बघितलं जातं, मग तेही फासे टाकून आपापले आकडे ठरवतात, म्हणजे आपलं घर ओळखता येईल. फोटो, फासे, बॅट : सगळं घरातलं सामान. मंडळातल्या एकाने वहीत यादी केली आणि पुढे किंमत लिहीत गेला. बेरीज पाचशेच्या वर जाईना.

चिठ्ठीची पद्धत त्यांना सगळ्यात लवकर कळली. आमच्या नाटकांत तालमी थोड्या, विंगेत प्रॉम्प्टर, आणि समोरच्याने वाक्य विसरलं तर आपण सावरून घ्यायचं, हे त्यांच्या अंगवळणी आहे. फरक इतकाच की बर्किटने मुद्दाम विसरायला लावलं. त्यातून पात्रं जेव्हा घाबरतात तेव्हा ती नाटकी घाबरत नाहीत, आधी हसतात, मग चिडतात, मग भलत्याच विषयावर भांडायला लागतात. बाहेर दुसरे आपण उभे आहोत आणि आत कोणाचं कोणावर जुनं प्रेम होतं याची उणीदुणी चालली आहेत. हे मला फार खरं वाटलं. आमच्याकडेही कडी पडली त्या रात्री निम्मी चर्चा ती कोणाच्या जागेत पडली यावर होती. या मोकळ्या पद्धतीची किंमत मात्र पहिली पंधरा मिनिटं मोजतात, ते वर सांगितलंच. संवाद न लिहिलेल्या या सिनेमाला ऑस्टिनच्या फँटॅस्टिक फेस्टमध्ये पटकथेचं बक्षीस मिळालं, यावर पोरं खूप हसली.

पुस्तक कुठून आलं

विज्ञानाचा भाग सगळ्यात लंगडा. एकाचा भाऊ भौतिकशास्त्रज्ञ असतो, त्याचं पुस्तक नेमकं त्याच रात्री गाडीत पडलेलं असतं, आणि ते आणून मोठ्याने वाचलं जातं. श्रॉडिंगरचं मांजर, म्हणजे बंद खोकं उघडेपर्यंत जिवंतही आणि मेलेलंही मानावं लागणारं मांजर, दोन शक्यता, एकत्र असणं आणि वेगळं होणं. तोपर्यंत खुर्चीच्या टोकाशी आलेला प्रेक्षक इथे पाठ टेकतो. आमच्याकडे तर खुर्च्याच नव्हत्या, तरी फरक जाणवला.

कॉलेजातला माणूस म्हणून मला यावर बोलणं भाग होतं. भौतिकशास्त्रज्ञ श्रॉडिंगरने १९३५ मध्ये ते मांजर मांडलं ते कौतुक म्हणून नाही. अणूच्या पातळीवरचे नियम जसेच्या तसे मांजराला लावले तर किती विचित्र निष्कर्ष निघतो, हे दाखवायला मांडलं. आणि मोठ्या वस्तूंच्या बाबतीत तसं का दिसत नाही याचं उत्तर पुढे मिळालं ते असं : धुळीच्या एका कणावरही हवेचे रेणू, उजेडाचे कण सतत आदळत असतात, आणि त्या धक्क्यांत दोन शक्यतांचा एकमेकींशी असलेला मेळ क्षणाच्या बारीकशा तुकड्यात संपतो. माणूस, टेबल, घर यांची तर गोष्टच सोडा. लांबून जाणारा धूमकेतू हा मेळ परत जुळवू शकत नाही. धूमकेतू वस्तुमानानेही फार हलका असतो, मोबाइलच्या काचा तडकवणं त्याच्या आवाक्यातलं नाही. सिनेमात १९०८ च्या तुंगुस्काचा दाखला येतो. तिथे दोन हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल आडवं झालं हे खरं. पण ते काहीतरी वातावरणात शिरून फुटल्यामुळे, नुसतं वरून गेल्यामुळे नाही.

विज्ञान चुकलं याचा मला राग नाही. चुकीचं विज्ञान ठामपणे वापरलं की चालतं. राग आहे तो वाचून दाखवण्याचा. काळोखातून गेलं की घर बदलतं, हा नियम प्रेक्षकाला आधीच डोळ्यांनी कळलेला होता. पुस्तकाने त्यात काहीच भर घातली नाही, उलट शंका काढायला जागा करून दिली. दारू पिऊन बिथरणाऱ्या यजमान माइकचंही तसंच. दुसऱ्या घरातल्या स्वतःलाच धमकीची चिठ्ठी द्यायची त्याची कल्पना भन्नाट आहे, पण तिथपर्यंत तो फार लवकर पोचतो.

एम

सुरुवातीला एम एक गोष्ट सांगते. ती नर्तिका आहे. तिला एका मोठ्या कार्यक्रमात मुख्य नर्तिकेच्या जागी राखीव म्हणून बोलावलं होतं. ती तयार व्हायला कचरली, दुसरीने ती जागा घेतली, आणि ती दुसरी पुढे नावारूपाला आली. जेवणाच्या टेबलावर, हसत हसत सांगितलेली गोष्ट. गोंधळात ती मी भाषांतर करायची विसरलो होतो. शेवट आल्यावर सिनेमा थांबवून सांगावी लागली.

कारण शेवटी एम काळोखात एकामागून एक घरांच्या खिडक्यांतून डोकावत जाते. एका घरात भांडणं, एकात मारामारी. मग एक घर असं सापडतं की तिथे काहीच बिघडलेलं नाही, तिथली एम सुखात आहे. ही तिला गाठते, मारते, न्हाणीघरात टाकते आणि तिच्या जागी जाऊन बसते. सकाळ होते, सगळं शांत. मग तिच्या प्रियकराचा, केविनचा फोन वाजतो, आणि फोन एमचाच असतो.

मंडळात एक मुलगी आहे. गेल्या वर्षी तिने महिनाभर एका भूमिकेची तालीम केली आणि ऐन वेळी वडसाहून बाहेरची नटी आणली गेली. ही मुलगी सिनेमाभर एक शब्द बोलली नव्हती. आईच्या मैत्रिणी एमला नावं ठेवत होत्या, स्वतःलाच मारते म्हणजे काय. ही म्हणाली, "म्या पन हेच केलं असतं." त्यावर कोणाला काही बोलता आलं नाही.

बाकी सगळ्या उणिवा मोजूनही हा सिनेमा मी का लावतो, ते इथे आहे. रहस्य सुटलं तरी एक माणूस उरतो. पोरांच्या संहितेत खून होता, कडी होती, उद्याचं गाव होतं. उद्याच्या गावात जाऊन कोणाला काय हवं होतं, हे कुठेच नव्हतं.

त्यानंतर

महिन्याभरात संहिता दोनदा बदलली. खून गेला. आता गोष्ट त्या मुलीनेच सुचवलेली आहे : कडीतून पलीकडे गेलेल्या बाईला मागच्या वर्षीचं गाव दिसतं आणि ती परत यायला राजी नाही. पस्तीस हजार वाचले. त्यातले काही चांगला माइक भाड्याने आणायला ठेवले आहेत, कारण पाच माणसं एकदम बोलली तरी निदान एकाचं वाक्य स्वच्छ ऐकू यावं, हे ओसरीने शिकवलं. पात्रंही आठाची पाच केली.

कडीचं काय करायचं यावर आठवडा गेला. पत्र्याची करून बघितली, ती खेळण्यासारखी दिसली. मग लोहाराकडे बैलगाडीच्या चाकाची जुनी धाव पडलेली मिळाली, गंजलेली, एका बाजूला चेपलेली. तिच्यावर टॉर्चचा झोत मारला की ती आभाळातून पडल्यासारखीच दिसते. अडचण एवढीच, की धाव फार तर दीड मीटरची आणि लाडबोरीची कडी तिच्या दुप्पट. म्हणून ती पुरती दाखवायचीच नाही असं ठरलं : धानाच्या बांधीत अर्धी रुतलेली, कधी नुसता काठ, कधी काठावर ठेवलेला हात.

पहिला प्रसंग लिहून झाला. कडी पडते आणि गावची लाईट जाते. वाचन लाइनमनसमोर ठेवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, "बाकी सब ठीक हाय सर. पन लाईट कोन्या फीडरवरून जाते, ते आधी लिवा. नाही तं लोकं हसतीन."

पोरं आता तेच लिहीत आहेत.